प्रोसिजर टर्न म्हणजे काय? विमान विमानतळावरून पुढे जाऊन परत का वळतं?

फ्लाइटरडार२४ सारखं ॲप मोबाइलमध्ये असेल तर तुम्ही हा प्रकार कधीतरी पाहिला असेल. विमान विमानतळाकडे येतं, बरोबर डोक्यावरून पुढे निघून जातं, थोडं लांब जाऊन वळतं आणि मग उलट्या दिशेने येऊन उतरतं. स्क्रीनवर ती रेघ पाहून पहिला विचार येतो: पायलट रस्ता चुकला की काय?

मी मिरजेत राहतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. कराडला धावपट्टी आहे आणि सांगलीजवळ कवलापूरला विमानतळाची जागा आहे, पण प्रवासाचं विमान पकडायचं तर आपल्याला कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागतं. तरीही आपल्या आकाशातून विमानं सतत जात असतात आणि ॲपवर ती पाहणारी मुलं इकडे भरपूर आहेत. त्यांच्याकडून मला सर्वांत जास्त ऐकायला मिळणारा प्रश्न हाच.

तर उत्तर असं की बहुतेक वेळा पायलट चुकलेला नसतो. तो ठरवून दिलेलं वळण घेत असतो. त्याला प्रोसिजर टर्न म्हणतात. हे वळण कधी घ्यावंच लागतं, कधी घ्यायचं नसतं आणि ते मनाने टाळलं तर काय होऊ शकतं, हे आज सविस्तर पाहू.

आधी हे समजून घ्या: इन्स्ट्रुमेंट अप्रोच

हवा स्वच्छ असेल तर पायलट खिडकीतून धावपट्टी बघून उतरू शकतो. पण जुलै महिन्यातली साताऱ्याची हवा आठवा. यवतेश्वर घाटात समोरची गाडी दिसत नाही. अशा ढगात विमान शिरलं की पायलटला डोंगरही दिसत नाही आणि जमीनही दिसत नाही. तेव्हा तो फक्त समोरच्या उपकरणांवर विसंबून खाली येतो. कुठून यायचं, कोणत्या दिशेने यायचं, कुठल्या ठिकाणी किती उंचीच्या खाली जायचं नाही, हे सगळं एका छापील नकाशावर दिलेलं असतं. या ठरलेल्या मार्गाला इन्स्ट्रुमेंट अप्रोच म्हणतात आणि त्या नकाशाला अप्रोच चार्ट.

चार्टवरची प्रत्येक उंची कोणीतरी खालचे डोंगर, टॉवर, इमारती मोजून ठरवलेली असते. अप्रोचच्या सुरुवातीच्या टप्प्यात खालच्या सर्वांत उंच अडथळ्यापासून किमान ३०० मीटर, म्हणजे सुमारे १,००० फूट मोकळी जागा ठेवतात. डोंगराळ भागात ती आणखी वाढवतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ही हमी फक्त चार्टवर आखलेल्या पट्ट्यातच असते. पट्ट्याच्या बाहेर गेलात की ती संपली.

मग प्रोसिजर टर्न म्हणजे काय?

साखर कारखान्याच्या गेटवर ऊस घेऊन आलेला ट्रॅक्टर बघा. मागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या. त्याला वजनकाट्यावर सरळ चढायचं असतं, तिरकं चालत नाही. आणि दोन ट्रॉल्या मागे ढकलून सरळ करणं जवळजवळ अशक्य. रस्ता काट्याच्या उलट बाजूने येत असेल तर ड्रायव्हर काय करतो? काट्याच्या बाजूने पुढे जातो, मोकळ्या जागेत मोठा वळसा घेतो आणि मग काट्यासमोर सरळ होऊन येतो.

विमानाचंही तसंच. त्याला रिव्हर्स नाही, ते हवेत थांबूही शकत नाही. उतरण्याच्या दिशेच्या उलट बाजूने ते आलं असेल तर पुढे जाऊन, ठरलेल्या जागेत वळून, धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. दिशा उलटवण्यासाठी चार्टवर दिलेल्या या वळणाला प्रोसिजर टर्न म्हणतात. धावपट्टीपासून दूर जाणाऱ्या भागाला आउटबाउंड आणि धावपट्टीकडे परत येणाऱ्या भागाला इनबाउंड म्हणतात. हे दोन शब्द पुढे सारखे लागतील.

हे वळण लागतं तरी कशासाठी?

बहुतेक लोक फक्त पहिलं कारण सांगतात. माझ्या मते तिसरं सर्वांत महत्त्वाचं आहे.

१. दिशा. धावपट्टीच्या रेषेत येणं. हे वर पाहिलंच.

२. उंची. प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उतारावर खाली येतं, म्हणजे प्रत्येक सागरी मैलाला सुमारे ३०० फूट. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किमी. कोल्हापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. समजा विमान त्याच्या डोक्यावर ५,००० फुटांवर आहे. त्याला ३,००० फूट खाली यायचंय, म्हणजे सुमारे १० सागरी मैल, साडेअठरा किलोमीटरचं अंतर हवं. ते अंतर या पुढे जाऊन परत येण्यात मिळतं.

३. आपण नक्की कुठे आहोत याची खात्री. जीपीएस येण्याच्या आधीची गोष्ट घ्या. विमानतळावर एकच रेडिओ स्टेशन असायचं, एनडीबी किंवा व्हीओआर प्रकारचं. विमानातली सुई स्टेशन कोणत्या बाजूला आहे हे सांगायची, पण ते किती लांब आहे हे सांगायची नाही. अंतर सांगणारं डीएमई नावाचं यंत्र सगळीकडे नव्हतं. मग खात्रीची जागा एकच उरायची: स्टेशनच्या बरोबर डोक्यावर. तिथून पुढे जाताना सुई उलटी फिरते आणि पायलटला कळतं, आत्ता या क्षणी मी इथे आहे. तिथून घड्याळ लावायचं, ठरलेल्या दिशेने ठरलेला वेळ जायचं, वळायचं आणि मग खाली यायचं.

म्हणजे प्रोसिजर टर्न हे नुसतं वळण नाही. आधी जागा पक्की करा, मग उंची सोडा, हा क्रम त्यात बांधलेला आहे.

वळणाचे प्रकार

भारतातले अप्रोच चार्ट आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पॅन्स-ऑप्स पद्धतीने बनतात. हा दस्तऐवज क्रमांक ८१६८. त्यात दिशा उलटवण्याचे हे प्रकार आहेत:

- ४५/१८० टर्न: आउटबाउंड जाताना ४५ अंश एका बाजूला वळायचं, थोडं सरळ जायचं आणि मग विरुद्ध बाजूला १८० अंश वळून परत यायचं. वळायला सुरुवात केल्यापासूनची वेळ छोट्या आणि मध्यम वेगाच्या विमानांसाठी १ मिनिट, जास्त वेगवान विमानांसाठी सव्वा मिनिट.
- ८०/२६० टर्न: ८० अंश एका बाजूला आणि लगेच २६० अंश दुसऱ्या बाजूला. मध्ये सरळ भाग जवळपास नसतो.
- बेस टर्न: स्टेशनवरून थोड्या तिरक्या दिशेने बाहेर जायचं आणि एकाच मोठ्या वळणात धावपट्टीच्या रेषेत यायचं. वरून पाहिलं तर पाण्याच्या थेंबासारखा आकार दिसतो.
- रेसट्रॅक: धावण्याच्या मैदानासारखा लांबट गोल. आउटबाउंड बाजू १ ते ३ मिनिटांची. उंची जास्त असेल किंवा विमान अवघड दिशेने आलं असेल तेव्हा हा उपयोगी पडतो.

वळण घेतानाचा वेग आणि तिरकेपणाही ठरलेला आहे. सेकंदाला ३ अंश किंवा २५ अंशांचा कल, यातलं जे कमी तीव्र असेल ते. का? हिशेब करून बघा. एटीआर ७२ सारख्या विमानाला या वळणात जास्तीत जास्त १४० नॉट वेग ठेवता येतो. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. या वेगाने सेकंदाला ३ अंश वळलं तर १८० अंशांना बरोबर १ मिनिट लागतं आणि वळणाची रुंदी होते पावणेतीन किलोमीटर. तेच वळण २४० नॉटने, २५ अंश कल ठेवून घेतलं तर रुंदी साडेसहा किलोमीटरच्या पुढे जाते. डोंगर मात्र आपल्या जागेवरच असतो. म्हणून चार्टवर वेगाची मर्यादा असेल तर ती सूचना नसते, तो नियम असतो.

कोल्हापूरचं उदाहरण घेऊन बघू

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी ०७/२५ आहे. धावपट्टीच्या नंबरापुढे शून्य लावलं की साधारण दिशा कळते. ०७ म्हणजे ०७० अंश, पूर्व-ईशान्य. २५ म्हणजे २५० अंश, पश्चिम-नैऋत्य. पट्टी एकच, टोकं दोन.

पावसाळ्यात वारा साधारण पश्चिमेकडून येतो. विमान वाऱ्यासमोर तोंड करून उतरतं, म्हणून २५ वापरायची. ही रेषा मनातल्या मनात मागे वाढवली तर ती साधारण आमच्या मिरजेच्या बाजूला येते. म्हणजे उतरणारं विमान या बाजूने कोल्हापूरकडे जाणार.

आता समजा विमानतळावर फक्त एक रेडिओ स्टेशन आहे आणि चार्टवर प्रोसिजर टर्न दिलाय. हे मी समजावण्यासाठी रचलेलं उदाहरण आहे, तिथला खरा चार्ट वेगळा असतो. इनबाउंड दिशा २५०, आउटबाउंड ०७०.

पहिलं विमान पश्चिमेकडून ०८० अंशांवर येतंय. आयसीएओचा नियम सांगतो की आउटबाउंड दिशेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या आत असाल तर थेट वळणाच्या मार्गात शिरा. ०७० च्या आजूबाजूला ३० अंश म्हणजे ०४० ते १००. आपलं विमान ०८० वर आहे, म्हणजे आत. स्टेशनवरून जायचं, आउटबाउंड धरायचं, वळायचं, उतरायचं. सोपं.

दुसरं विमान मुंबईहून येतंय. मुंबई ते कोल्हापूर सरळ रेघ साधारण १५० अंशांची. ही ३० अंशांच्या बाहेर. मग थेट प्रोसिजर टर्नमध्ये शिरता येत नाही. आधी स्टेशनवर होल्डिंगचा किंवा रेसट्रॅकचा गोल घेऊन योग्य दिशा धरायची.

तिसरं विमान हैदराबादहून येतंय आणि खरी गंमत इथे आहे. हैदराबादहून कोल्हापूरची दिशा साधारण २६० अंश. धावपट्टी २५०. म्हणजे विमान जवळजवळ नाकासमोर येतंय. तुम्ही म्हणाल, याला वळण कशाला? सरळ उतरू दे की!

पण थांबा. या उदाहरणात पूर्वेकडे दुसरं स्टेशन नाही, अंतर दाखवणारं यंत्र नाही, चार्टवर त्या बाजूने आखलेला मार्ग नाही. पायलट ढगात आहे. त्याला दिशा कळतेय, पण विमानतळ १५ किलोमीटरवर आहे की ५० किलोमीटरवर, हे पक्कं कळत नाही. मग तो उंची कुठून सोडणार? म्हणून त्यालाही सुरक्षित उंचीवर राहून डोक्यापर्यंत जावं लागतं, गोल घेऊन पूर्वेकडे परत जावं लागतं आणि मगच खाली यावं लागतं. समोर असूनसुद्धा.

म्हणजे खरा प्रश्न विमानाचं तोंड कुठे आहे हा नसतो. या जागेवरून, या उंचीवर, धावपट्टीपर्यंत आखलेला रस्ता आहे का, हा असतो.

मग नियम काय? कधी घ्यायचाच आणि कधी नाही?

वळण घ्यावंच लागतं, जेव्हा:

- चार्टवर ते दाखवलेलं आहे, आणि
- तुम्ही ज्या मार्गाने येताय तो मार्ग तुम्हाला थेट धावपट्टीच्या रेषेत आणून सोडत नाही, आणि
- कंट्रोलरने दुसरं काही स्पष्ट सांगितलेलं नाही.

वळण लागत नाही, जेव्हा:

- कंट्रोलर रडारवर बघून तुम्हाला दिशा देत देत शेवटच्या रेषेपर्यंत आणून सोडतो. याला रडार व्हेक्टर म्हणतात. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर बहुतेक विमानं अशीच येतात, म्हणून तिथे प्रोसिजर टर्न क्वचितच दिसतो.
- कंट्रोलरने सरळ अप्रोचची परवानगी दिलीय आणि चार्टवर त्यासाठी मार्ग आहे.
- तुम्ही येताय त्या मार्गावर चार्टनेच वळण नको असं लिहिलंय. अमेरिकी चार्टवर यासाठी नो पीटी अशी खूण असते.
- डीएमईच्या मदतीने ठरावीक अंतर राखून कमानीसारखा मार्ग आखलाय. तो तुम्हाला आपोआप रेषेत आणतो.
- होल्डिंगमधून ठरलेल्या वेळेला एकेक विमान सोडलं जातंय.

अमेरिकेच्या कायद्यात तर उलट बाजूही लिहिली आहे. रडार व्हेक्टर चालू असेल, मार्गावर नो पीटी असेल किंवा वेळ लावून सोडलेला अप्रोच असेल, तर कंट्रोलरच्या परवानगीशिवाय प्रोसिजर टर्न घ्यायचाच नाही. कारण साधं आहे. मागून दुसरं विमान येत असतं. त्याच्या आणि कंट्रोलरच्या हिशेबात तुम्ही सरळ जाणार असता. तुम्ही अचानक वळून त्याच्या तोंडावर आलात तर?

दोन्ही पद्धतींत एक फरकही आहे. अमेरिकी चार्टवर वळणाची बाजू आणि किती अंतराच्या आत राहायचं हे दिलेलं असतं, आकार बऱ्याचदा पायलट निवडतो. हे अंतर सहसा १० सागरी मैल असतं आणि वेग २०० नॉटच्या आत. आयसीएओ पद्धतीत आकारही ठरलेला असतो, फक्त ४५/१८० च्या जागी ८०/२६० चालतो, तेही चार्टने मनाई केली नसेल तर. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकी नियमांवर आहेत. भारतातला चार्ट वाचताना तेच नियम जसेच्या तसे लावू नका.

जुन्नरचा डोंगर, १९६२

आता ही सगळी शिस्त कशासाठी, ते बघू. गोष्ट आपल्याच सह्याद्रीतली आहे.

७ जुलै १९६२. अलिटालिया या इटालियन कंपनीचं डीसी-८ जेट, फ्लाइट ७७१. सिडनीहून रोमला निघालेलं, मध्ये बँकॉक आणि मग मुंबई. मध्यरात्रीची वेळ, पावसाळा. विमान पूर्वेकडून मुंबईकडे येत होतं आणि खाली उतरू लागलं होतं. मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर ते आदळलं. विमानातले सगळे ९४ जण मरण पावले.

भारतीय चौकशीचा निष्कर्ष वाचला की वरचं हैदराबादच्या विमानाचं उदाहरण आठवतं. दिशा-मार्गाच्या हिशेबात चूक झाली. आपण मुंबईच्या प्रत्यक्षात आहोत त्यापेक्षा जवळ आहोत असं पायलटला वाटलं. त्यामुळे रात्री, उपकरणांवर उडताना, सरळ अप्रोचसाठी त्याने वेळेआधी उंची सोडली. सोबतची कारणंही नोंदली गेली: आपली जागा तपासण्यासाठी उपलब्ध असलेल्या रेडिओ साधनांचा वापर झाला नाही, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली गेली आणि या मार्गावरचा प्रदेश पायलटच्या परिचयाचा नव्हता.

८४ किलोमीटर म्हणजे ३०० नॉट वेगाने जेमतेम नऊ मिनिटांचं अंतर. नऊ मिनिटांची चूक सपाट प्रदेशावर कदाचित खपून गेली असती. सह्याद्रीत ती खपत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. आपल्या साताऱ्याकडचं महाबळेश्वरही साडेचार हजार फुटांच्या आसपास. पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्या विमानाला ही भिंत ओलांडावीच लागते.

मला यातून एकच गोष्ट दिसते. सरळ अप्रोच धोक्याचा नसतो. आज रोज हजारो विमानं सरळ उतरतात. धोका असतो तो जागा पक्की न करता सरळ उतरण्यात. वळसा घेणारा पायलट दहा मिनिटं घालवतो, पण त्या दहा मिनिटांत तो स्टेशनच्या डोक्यावरून जातो, म्हणजे आपला अंदाज एकदा तपासून घेतो.

पहिलं नाव दाबलं आणि...

दुसरी घटना मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. २० डिसेंबर १९९५, कोलंबिया देशातलं काली शहर. अमेरिकन एअरलाइन्सची फ्लाइट ९६५ रात्री उत्तरेकडून येत होती. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये दरी. मूळ बेत असा की विमानतळ ओलांडून पुढे जायचं, वळायचं आणि दक्षिणेकडून उतरायचं. कंट्रोलरने विचारलं, वारा शांत आहे, सरळ उत्तरेकडून उतरता का? विमानाला आधीच उशीर झाला होता. पायलट हो म्हणाले.

आता घाई सुरू झाली. उंची पटकन सोडायची, नवा चार्ट काढायचा, कॉम्प्युटरमध्ये नवा मार्ग भरायचा. रोझो नावाच्या रेडिओ स्टेशनकडे जायचं म्हणून त्यांनी आर हे अक्षर टाकलं आणि यादीतलं पहिलं नाव निवडलं. ते रोझो नव्हतं. ते बोगोटाजवळचं रोमिओ नावाचं दुसरंच स्टेशन होतं. विमान डावीकडे डोंगराच्या दिशेने वळलं. चूक लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. विमानातल्या १६३ पैकी १५९ जण गेले, ४ वाचले.

कॉन्टॅक्टमध्ये एक अक्षर टाकून पहिल्या नावाला मेसेज पाठवणं आपण रोज करतो. चुकलं तर डिलीट करतो. तिथे डिलीटचं बटण नव्हतं. आणि तो वळसा टाळून वाचणार होती फक्त काही मिनिटं.

जीपीएस आल्यावर प्रोसिजर टर्न संपला का?

संपला नाही, पण खूप कमी झाला.

जीपीएसमुळे आकाशातली कुठलीही जागा पक्की करता येते. त्यासाठी खाली स्टेशन लागत नाही. त्यामुळे नवे अप्रोच बऱ्याचदा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे आखतात. मधली दांडी म्हणजे धावपट्टीची रेषा आणि वरच्या आडव्या दांडीची दोन टोकं व मध्य असे तीन प्रवेश. विमान जिकडून येईल त्याप्रमाणे जवळचा प्रवेश घेतं आणि दोन वळणांत रेषेत येतं. उलटं फिरायची गरजच पडत नाही. आपलं हैदराबादचं विमान मधल्या प्रवेशाने सरळ आलं असतं, कारण आता त्याच्यासाठी आखलेला रस्ता आहे. तरीही विमान विरुद्ध बाजूने आलं किंवा डोंगरामुळे एखादा प्रवेश आखता आला नाही, तर चार्टवर रेसट्रॅक ठेवतात.

मग तुमच्या मोबाइलचा जीपीएस आणि विमानाचा जीपीएस सारखाच का? उपग्रह तेच, पण भरवशात मोठा फरक. मोबाइलवर निळा ठिपका बाजूच्या गल्लीत सरकला तर मोबाइल तुम्हाला काही सांगत नाही. विमानाला मात्र आत्ता सिग्नलवर विश्वास ठेवू नका हा इशारा काही सेकंदांत मिळावा लागतो. त्यासाठी भारतात गगन ही यंत्रणा आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती मिळून उभारली. जमिनीवरची केंद्रं जीपीएसमधली चूक मोजतात आणि जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या उपग्रहांमार्फत दुरुस्ती विमानापर्यंत पोहोचते. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगड विमानतळावर इंडिगोचं एटीआर ७२ गगनच्या मदतीने अप्रोच करून उतरलं. महागडी आयएलएस यंत्रणा बसवणं परवडत नाही अशा छोट्या विमानतळांसाठी ही मोठी गोष्ट आहे. उद्या कराड किंवा कवलापूरला प्रवासी विमान सुरू झालं तर असाच अप्रोच तिथे जास्त सोयीचा ठरेल असं मला वाटतं.

ॲपवर कसं ओळखायचं?

- एकाच जागी लांबट गोल पुन्हा पुन्हा: होल्डिंग. विमान नंबर लागण्याची किंवा हवा सुधारण्याची वाट बघतंय.
- विमानतळावरून पुढे गेलं, एकदाच वळलं आणि परत येऊन उतरलं: प्रोसिजर टर्न, बेस टर्न किंवा रेसट्रॅक असू शकतो. हवा स्वच्छ असेल तर डोळ्यांनी बघून घेतलेला वळसाही असू शकतो.
- नागमोडी, मधेच काटकोनात वळलेली रेघ: बहुधा रडार व्हेक्टर.
- धावपट्टीजवळ अगदी खाली येऊन पुन्हा वर: गो-अराउंड. उतरणं सोडून पुन्हा प्रयत्न. हेही घाबरायचं कारण नाही.

रेघेसोबत उंचीचा आकडा जरूर बघा. प्रोसिजर टर्नमध्ये उंची टप्प्याटप्प्याने कमी होते, होल्डिंगमध्ये बराच वेळ एकच राहते.

काही नेहमीचे प्रश्न

अप्रोचची परवानगी मिळाली म्हणजे लगेच खाली यायचं का?
नाही. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए कंपनीची फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे येत होती. अप्रोचची परवानगी मिळाली तेव्हा विमान धावपट्टीपासून चाळीसहून जास्त सागरी मैल लांब होतं. पायलटने ते थेट १,८०० फुटांकडे उतरवायला सुरुवात केली आणि ते वाटेतल्या डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. त्यानंतर नियम स्पष्ट झाला: चार्टवर आखलेल्या भागात पोहोचेपर्यंत शेवटची दिलेली उंची सोडायची नाही.

वळणाबद्दल शंका आली तर पायलट काय करतो?
कंट्रोलरला विचारतो. रेडिओवर एक वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात.

खरे चार्ट मला बघता येतील का?
हो. भारतीय विमानतळ प्राधिकरण आपलं ई-एआयपी ऑनलाइन मोफत ठेवतं. मोबाइलवर उघडा, एखादा विमानतळ निवडा आणि अप्रोच चार्ट बघा. सिम्युलेटर गेम खेळत असाल तर त्यावर सरावही करता येईल. खऱ्या उड्डाणासाठी मात्र परवाना, प्रशिक्षक आणि चालू तारखेचा चार्ट हवाच.

थोडक्यात

चार्ट हातात घेतला की तीन प्रश्न विचारा. मी येतोय तो मार्ग मला धावपट्टीच्या रेषेत सोडतो का? मी कुठे आहे हे मला पक्कं माहीत आहे का? वळण नको असं चार्टने किंवा कंट्रोलरने स्पष्ट सांगितलंय का? पहिल्या दोन्हींचं उत्तर हो असेल आणि तिसऱ्याचंही हो असेल, तर सरळ जा. नाहीतर चार्टवर वळण दिलंय, ते घ्या. उशीर होतोय हे उत्तर या तीन प्रश्नांत कुठेच बसत नाही.